दोन नंबरचं बटण

शोरूममधला तो त्रिशूरचा सेल्समन.
प्रश्न मी विचारायचे
आणि उत्तरं तो हेरंबला द्यायचा.
टॉर्क किती, वाळूत चाकं किती फसतात,
छप्पर उघडताना कुरकुरतं का.
हेरंब आपला मान डोलवत राहिला
मुलगी बघायला आलेल्या मामासारखा.
कागद आले तेव्हा मात्र
पेन बिनचूक माझ्याकडे सरकलं.
साठ हप्ते.

सोहारच्या हॉस्पिटलात सतरा वर्षं
लोकांचं रक्त मोजत बसले,
पेशी, साखर, लोह.
त्यातून ही उभी राहिली.
माहितीपत्रकात रंगाचं नाव काहीतरी इटालियन आहे,
मला वाळलेला कढीपत्ता दिसतो.
दार उघडलं की चामड्याचा वास,
मिरजेत तबल्याला नवी पुडी चढवताना
दुकानाबाहेर यायचा तसा.

पहिला महिना जीव मुठीत धरून चालवली.
पट्टा जरा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं,
मागून मांजर गेलं तरी किंचाळते.
सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या,
"इतकी कटकट तर मीही कधी केली नाही."
आवाज ओळखते म्हणे.
मी म्हटलं, "घरी चल."
ती म्हणाली, घाला, मस्कत, दोनशे किलोमीटर,
आणि निघालीसुद्धा.

दारावर सीटची आठवण ठेवणारी बटणं आहेत.
एक म्हणजे मी, पाच फूट एक इंच,
पाठीला उशी, आरसे खाली झुकलेले.
दोन म्हणजे हेरंब.
दोन नंबरचं म्हटलं की आपल्याकडे माणसं
डोळे बारीक करतात.
इथे सगळं पांढरं आहे,
फक्त माणूस अठ्ठावीस दिवस फहूदच्या तेलकॅम्पवर
आणि चौदा दिवस घरी.

मुलीला पुण्याच्या विमानात बसवून परतत होते.
त्याआधी डबल शिफ्ट.
सुवैक मागे पडलं, रस्ता सरळ, इतका सरळ
की वळण्यासाठीसुद्धा जाग राहू नये.
समोरच्या काचेखाली
एक छोटासा कप उगवला, वाफेसकट.
थकल्यासारख्या वाटता. थांबता का?

मी चक्क मागे वळून पाहिलं,
कोणी विचारलं म्हणून.

खाबुऱ्याच्या पेट्रोल पंपावर पोऱ्यानं
खिडकीतून करक चहा दिला.
इंजिन चालू, एसी चालू, बूट काढलेले.
का ते माहीत नाही, मी दोन दाबलं.
सीट हळूहळू मागे गेली,
पंगतीत उशिरा आलेल्या थोरल्या माणसासाठी
कोणी सरकून जागा करावी तशी.
स्टिअरिंग वर उचललं गेलं,
आरशांनी मान फिरवली.
माझे पाय पेडलपासून वीतभर अधांतरी.
आरशात रस्ता नव्हताच, नुसतं आभाळ
आणि एका ट्रेलरच्या टपाचा दिवा.
तर इतक्या लांब बसतो हा.
चहा तिथेच संपवला, गार होईपर्यंत पुरवून पुरवून.
मग एक दाबलं आणि घरी आले.

यातलं कोणाला सांगितलं नाही.

परवा हेरंब आला.
अंगाला अजून डिझेलचा वास, हातात खजुराचा डबा.
चावी घेतली, आत बसला,
घाईत चुकीचं बटण दाबलं
आणि गुडघे छातीशी येऊन ओरडला,
"अगं, तुझ्या मापात श्वास तरी येतो का?"
बाहेर सिल्हेटचा मोफिजुल
बॉनेट पुसता पुसता हसायला लागला.

"दोन दाब," मी म्हटलं.

सीट मागे गेली, सवयीचा तो आवाज करत.
हेरंब ऐसपैस पसरला. म्हणाला,
"कमाल आहे हिची. महिनाभर नव्हतो,
तरी लक्षात ठेवलं."

मी पट्टा लावला.
"त्रेपन्न हप्ते राहिलेत," म्हटलं,
"ठेवेल नाही तर काय करेल."